तेरवीनंतरचे पत्र

मरणाची बातमी आणणारे कार्ड आमच्याकडे घरात ठेवत नसत. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, कुठेही जा, रीत एकच. वर 'श्री' लिहिलेले नसायचे आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. तो फाटका कोपरा दिसला की मजकूर कळायच्या आधीच घरातल्या बायांच्या हातातले काम थांबे. ज्याला वाचता येई तो उभ्या उभ्याच वाची. कोण गेले, कधी गेले, तेरवी कोणत्या दिवशी, एवढेच असायचे. वाचून होताच कार्डाचे तुकडे होत आणि ते घराबाहेर जात. "वाचली का फाडून टाक बाप्पा, घरात नोको ठेवू," हे माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे.

त्यामुळे जुन्या पेट्या उघडल्या की लग्नपत्रिका निघतात, शेताचे कागद निघतात, मनीऑर्डरच्या पावत्या आणि पाहुण्यांची खुशालीची पत्रे निघतात. दुःखाची पत्रे निघत नाहीत. पटकीने, देवीने, बाळंतपणात सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांतल्या घरांनी किती माणसे गमावली असतील! त्या वेळी कोणी कोणाला काय लिहून धीर दिला, याचा कागद मात्र जवळपास नाहीच. धीर तोंडी द्यायचा, हीच आपली मूळची पद्धत. माणूस गेला की भेटायला जायचे, ओसरीवर बसायचे, फारसे बोलायचेही नाही. बाया गळ्यात पडून गेलेल्या माणसाचे एकेक गुण आठवून मोठ्याने रडत आणि त्या रडण्यातच सगळे सांगून होई.

पण भेटायला जाणे सगळ्यांनाच जमत नसे, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर आमच्या भागात ते आणखी अवघड झाले. त्या दिवसापर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमच्या राज्याची राजधानी भोपाळ झाली आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे मध्य प्रदेशातच राहिली. सोयरीक मात्र सगळी तिकडची. कोणाची माहेरे काटोल-नरखेडला, कोणाच्या बहिणी वरूडला, कोणाचे साडू सावनेरला. बहुतेक शाळा हिंदीच्या झाल्या, कचेरीची भाषा हिंदी झाली, बाजारात दोन्ही भाषा चालू लागल्या. मुलगा शाळेत हिंदीत निबंध लिही आणि घरी येऊन मामाला मराठीत पत्र लिही. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. तरी वर्तमानपत्रात आमचे नाव येते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जांब नदीवरच्या गोटमारीपुरते. या भागाने जवळजवळ सत्तर वर्षे आपली मराठी पत्रांतून सांभाळली, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर गेलेली नाही.

आमच्या रीतीच्या अगदी उलट रीत एका दूरच्या समाजात होती. कॉन्स्टँटिनोपल ही ज्यांची राजधानी, त्या ग्रीक बोलणाऱ्या बायझन्टाइन साम्राज्यातल्या विद्वानांनी एकमेकांना लिहिलेली सांत्वनाची पत्रे जपून ठेवली, त्यांच्या नकला केल्या, त्यांचे संग्रह बांधले. अकराव्या शतकातल्या मायकल सेलॉसची सुमारे पाचशे पत्रे आज उपलब्ध आहेत. हा तत्त्वज्ञ सम्राटांच्या दरबारात वावरला, त्याची स्टिलियानी नावाची लाडकी मुलगी कोवळ्या वयात देवीच्या आजाराने गेली, आणि तिच्यावर त्याने लिहिलेले मृत्युभाषणही टिकून आहे. त्या लोकांत पत्र आले की ते मित्रमंडळींत मोठ्याने वाचले जाई. पत्र म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनाचे चित्र, असे ते मानत. सांत्वन कसे करावे याचे नियमही त्यांच्या अलंकारशास्त्रात ठरलेले होते. आधी मित्राबरोबर रडावे, मग रडण्याला मर्यादा असावी हे सांगावे, मग मरण कोणालाच चुकत नाही याची आठवण द्यावी, आणि शेवटी गेलेला माणूस अधिक चांगल्या ठिकाणी आहे असे म्हणावे. आपल्याकडेही भेटायला आलेला वडीलधारा माणूस गीतेच्या दुसऱ्या अध्यायापाशी पोचतोच, क्रम तोच.

या नियमांबद्दल मला आदर आहे, पण धीर त्यातून मिळतो असे मला वाटत नाही. मरण अटळ आहे हे ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला कोणी सांगायला नको. ते त्याला सगळ्यांत जास्त ठाऊक झालेले असते. धीर देणारे पत्र वेगळे असते, असे मला एका कार्डाने शिकवले.

ते आजोबांच्या कागदांत सापडले. १५ पैशांचे पिवळसर कार्ड, निळ्या शाईने दोन्ही बाजूंनी भरलेले. पत्त्याच्या कडेला जागा उरली तिथेही आडव्या ओळी. लिहिणारे पांढुर्ण्याचे एक मास्तर, आजोबांचे तरुणपणापासूनचे मित्र. आजी मार्गशीर्षात गेली होती आणि कार्ड पौषातले. तेरवी होऊन गेलेली, पाहुणे परतलेले, घर रिकामे झालेले, अशा वेळी ते आले. तोवर सुतक फिटले होते, म्हणून वर 'श्री' आहे, कोपरा शाबूत आहे, आणि म्हणूनच ते फाडले गेले नाही.

त्या कार्डात मरण अटळ असल्याचे कुठेही लिहिलेले नाही. मास्तरांनी विचारले आहे की संत्र्याच्या अंबिया बहाराचा ताण तोडून पाणी सोडले का, की यंदा राहूनच गेले. राहिले असेल तर उशीर करू नका, कोणी मदतीला नसेल तर कळवा, मी माणूस पाठवतो. बांधाकडच्या ज्या झाडांना डिंक्या लागला होता त्यांना मलम लावले का, हे विचारले आहे. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय आपण दोघे एकादशीपासून धरणार होतो, मी अजून धरलेला नाही, तुम्ही आल्याशिवाय धरणारही नाही, असे लिहिले आहे. आणि त्या आडव्या ओळींत, जागा संपता संपता, वहिनींनी दिलेले शेवग्याचे खांड इथे आमच्या विहिरीजवळ लागले, असे एक वाक्य. मग 'कळावे, लोभ असावा' आणि सही.

संत्र्याची झाडे ताणावर असतात तेव्हा बागवानाला रोज बागेत जाऊन बघावेच लागते. पाने कितपत सुकली, माती किती वाळली, पाणी कधी सोडायचे, हा निर्णय एकदा चुकला की वर्षाचा बहार गेला. मास्तरांनी दुःखी माणसाला तिथेच नेऊन उभे केले. तुमचे काम तुमची वाट बघत आहे आणि त्या कामात मी तुमच्यासोबत आहे, एवढेच ते कार्ड म्हणते. आजोबांनी ते ज्ञानेश्वरीच्या पोथीत ठेवले होते.

त्यानंतर मी विद्वान मित्रांचे पत्रव्यवहार वाचू लागलो तेव्हा मला सगळीकडे हेच दिसत गेले. त्यांची पत्रे खरी बोलू लागतात ती त्यांच्या धंद्याची गोष्ट निघाली की. तेराव्या शतकाच्या अखेरीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये मॅक्सिमस प्लॅन्युडीस नावाचा विद्वान संन्यासी होऊन गेला. त्याची शंभराहून अधिक पत्रे टिकली आहेत. त्यांत तो मित्रांकडे लिहिण्यासाठी चांगले चर्मपत्र मागतो, आलेले चामडे वाईट निघाले म्हणून तक्रार करतो. शून्यासह आपले भारतीय अंक कसे वापरायचे यावर त्याने ग्रीक भाषेत पुस्तक लिहिले, हे आपल्या वाचकांना विशेष वाटावे. त्याच मंडळात थिओडोरा राउलायना ही सम्राटाची भाची होती. विधवा झालेली, छळ आणि परागंदा होणे सोसलेली ही बाई ॲरिस्टॉटलवरच्या टीकेची पोथी स्वतःच्या हाताने नकलून काढत होती आणि शहरातल्या विद्वानांशी पोथ्यांबद्दल पत्रव्यवहार करत होती. तिला आलेली पत्रे आजही वाचायला मिळतात.

हे सगळे तिकडे चालले होते त्याच काळात आमच्या घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा गावी मराठीतले पहिले मोठे गद्य तयार होत होते. पांढुर्ण्याहून वरूडला यावे, पुढे मोर्शी आणि मग रिद्धपूर. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. गुरू डोळ्यांआड झालेला, परत येण्याची आशा नाही. महानुभावांची परंपरा सांगते की म्हाइंभटांनी त्यांना वाजेश्वरीच्या जागी एकाग्र बसलेले पाहिले आणि काय करता म्हणून विचारले. नागदेवाचार्य स्वामींच्या लीळा आठवत होते. एकेक प्रसंग, एकेक बोलणे मनात पुन्हा पुन्हा आणत होते.

इथे म्हाइंभट काय करतात ते पाहावे. ते स्वतः शास्त्र शिकलेले पंडित. चक्रधरांकडे पहिल्यांदा आले तेव्हा वाद जिंकायला आले होते. मरण आणि वियोग यांवर सांगायला त्यांच्यापाशी संस्कृत वचने काही कमी नव्हती. ती त्यांनी सांगितली नाहीत. या लीळा आपण लिहून काढू, असे ते म्हणाले. मग नागदेवाचार्यांनी आठवायचे आणि म्हाइंभटांनी लिहायचे असे काम सुरू झाले. एवढ्यावर न थांबता, जो प्रसंग ज्याने पाहिला त्याला गाठून, त्याच्या तोंडून ऐकून, दुसऱ्याकडून ताडून घेऊन त्यांनी तो टिपला. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तोही लिहून ठेवला. शके १२०० च्या, म्हणजे १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' असे गोळा झाले आहे. आपण ते भाषेसाठी वाचतो, यादवकाळातल्या खाण्यापिण्याच्या, घरादाराच्या, चालीरीतींच्या माहितीसाठी वाचतो. माझ्या मते ते आधी एका शोकाकुल मित्राला दुसऱ्या विद्वान मित्राने दिलेले काम आहे. मराठी गद्याचा आरंभ राजाच्या दरबारात किंवा मठाच्या वादात शोधणाऱ्यांनी रिद्धपूरच्या या दोन मित्रांकडे जरा जास्त वेळ पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्यांच्या भोवती महदाइसा होती. धवळे रचणारी, प्रश्न विचारून विचारून नागदेवाचार्यांना बोलते ठेवणारी ही आद्य कवयित्री. पुढे परचक्रात पोथी हरवली तेव्हा याच पंथाच्या माणसांनी पाठ आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. एकदा गुरू गेला, एकदा ग्रंथ गेला, आणि दोन्ही वेळी त्यांचा उपाय एकच होता. बसायचे, आठवायचे आणि लिहायचे.

चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा मराठी घरात सगळ्यांना पाठ आहे. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून वर 'चिरंजीव' लिहावे, की अधिकाराने मोठे म्हणून 'तीर्थरूप', हे ठरेना आणि कागद तसाच पाठवला गेला. या कथेत सगळे लक्ष कोऱ्या कागदाकडे जाते. मला त्याहून मोठी वाटते ती ज्ञानदेवांकडून आलेली पासष्ट ओव्यांची परतफेड. समोरच्याने काहीच लिहिलेले नसताना त्याला काय हवे आहे ते ओळखून उत्तर पाठवणे, ही मैत्रीची फार वरची पायरी आहे. दुःखात असलेला माणूस बहुधा कोराच कागद पाठवतो. कित्येकदा तोही पाठवत नाही.

आता आपल्या जवळच्या काळाकडे येतो, आणि नागपूरकडे. १९४८ ते १९५८ ही दहा वर्षे नागपुरात गजानन माधव मुक्तिबोध राहत होते. जन्म श्योपूरचा, १३ नोव्हेंबर १९१७ चा. घरची भाषा मराठी, कवितेची हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे त्यांचे कवितासंग्रह आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. एकाच आईची दोन मुले, दोन भाषांतले दोन मोठे लेखक. बाहेरच्या कोणाला यात नवल वाटते. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला वाटत नाही. आमच्याकडे घराघरात एक भाऊ भोपाळकडे आणि एक नागपूरकडे असतो.

थोरल्या मुक्तिबोधांचे आयुष्य फार ओढाताणीत गेले. उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर, राजनांदगाव, मास्तरकी, सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, साप्ताहिक. पगार तोकडा, घरात आजारपणे, डोक्यावर देणे. या सगळ्या काळात त्यांचा एक मित्र पत्राच्या टोकाशी होता, नेमिचंद्र जैन. दोघे १९४२ च्या सुमारास माळव्यात शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात भेटले. ती एक छोटी शाळा. तिथे बर्गसाँ आणि मार्क्स यांच्यावर रात्र रात्र चर्चा होत. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, अज्ञेयांनी संपादलेल्या 'तार सप्तक'मध्ये दोघांच्याही कविता आल्या. नेमिचंद्र दूर गेल्यावर पत्रे सुरू झाली, ती १९६४ पर्यंत चालली. दोघांची ही पत्रे पुढे 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने पुस्तकरूपात आली. काही पत्रे तर इंग्रजीत आहेत. मराठी घरातला हा हिंदी कवी जीव अगदी उबगला की कोणत्या भाषेकडे वळेल, याचा नेम नसे.

ती पत्रे वाचताना मास्तरांचे कार्ड मला सारखे आठवत होते. पत्रात पैशाची चणचण येते, नोकरीचा वैताग येतो, घरातली दुखणी येतात, आपण काहीच होऊ शकलो नाही ही खंत येते, आणि मग पुढच्याच परिच्छेदात कवितेच्या रचनेबद्दल, वाचलेल्या पुस्तकाबद्दल, एखाद्या विचाराच्या चुकीबद्दल तावातावाने लिहिलेले असते. मित्राने दुःख ऐकून घ्यावे एवढीच त्यांची अपेक्षा नाही, त्याने आपल्या विचारांशी भांडावे अशीही आहे. ज्याच्याशी आपण भांडतो त्याला आपण पूर्ण धडधाकट धरलेले असते. पिचलेल्या माणसाला कीव नको असते. त्याच्या बुद्धीवरचा आपला विश्वास ढळलेला नाही, हे त्याला कळायला हवे असते. नेमिचंद्रांनी ते कळवले. मुक्तिबोधांची 'एक साहित्यिक की डायरी'सुद्धा पुष्कळशी मित्राशी चाललेल्या वादाच्या रूपात आहे, ती उगीच नव्हे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघात झाला. राजनांदगावहून भोपाळ, भोपाळहून दिल्ली असे त्यांना नेले. मित्र उशाशी होते. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी आला, पण त्यांना तो हातात घेता आला नाही. मागे राहिलेल्या कागदांचा पसारा मोठा होता. एकेका कवितेचे अनेक खर्डे, अर्धवट लेख, तारखा नसलेली पाने. नेमिचंद्रांनी ते सगळे लावले आणि १९८० मध्ये 'मुक्तिबोध रचनावली' सहा खंडांत निघाली. नागदेवाचार्यांना म्हाइंभटांनी जे काम दिले, ते इथे मित्राने स्वतःलाच दिले, असे मी समजतो.

जी. ए. कुलकर्णींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत. धारवाडचे राहणे, भोवती कानडी, घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी शिकवणे. घरातली मरणे लवकर पाहिलेली. माणसांपासून दूर राहणारा हा लेखक पत्रांत मात्र भरभरून बोलला आणि सर्वांत जास्त सुनीताबाई देशपांडे यांच्याशी. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.'मधून २००३ मध्ये पुढे आली. दोघांनी एकमेकांना वाचलेली पुस्तके कळवली, चित्रांबद्दल लिहिले, माणसांबद्दल लिहिले. जी. ए. ११ डिसेंबर १९८७ ला पुण्यात गेले. सुनीताबाई अत्यंत कणखर, परखड बाई. खोटा शब्द लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्याकडून आलेले चांगले म्हणणे जीएंना किती मोलाचे वाटले असेल! सांत्वनाला परखड माणूस लागतो. जो एरवी उगीच चांगले म्हणत नाही, त्याच्याच शब्दाचा अवघड दिवसांत आधार होतो.

धारवाड, राजनांदगाव, पांढुर्णा. तिन्ही ठिकाणी घरात मराठी आणि दारात दुसरी भाषा. पुण्या-मुंबईच्या लेखकाला चार पावलांवर मित्र भेटतो, मंडळ भेटते, सभा भेटते. काठावरच्या माणसाला टपालच भेटत होते. त्यामुळे मराठी मनाचा उत्तम पत्रव्यवहार काठावर झाला असेल तर त्यात आश्चर्य नाही, आणि तो केवळ नामवंतांचाच झाला असेल असेही मी मानत नाही. बारावा अध्याय एकट्याने न धरणाऱ्या त्या मास्तरांसारखी माणसे रामाकोन्याला असतील, बोरगावला असतील, तिगावला असतील. ती पाठ्यपुस्तकात आली नाहीत, कारण त्यांच्या मुलांची पाठ्यपुस्तके दुसऱ्या भाषेत होती.

आता पत्रे थांबली आहेत. मरणाची बातमी मोबाइलवर येते आणि पाच मिनिटांत खाली हात जोडलेली शंभर चित्रे जमतात. त्यांत प्रेम नसते असे मी म्हणणार नाही; वेळेवर कळते, माणसे अंत्ययात्रेला पोचतात, हे मोठेच काम झाले आहे. पण ते सगळे पहिल्या दिवसाचे असते. तेरवीनंतरचा महिना आधीही मोकळा पडत असे आणि आता तर पूर्णच मोकळा पडला आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे असे झाले असेल, तर पाहुणे गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याला लिहा. कार्डावर लिहा किंवा मोबाइलवर लिहा. त्याच्या बागेचे विचारा, दुकानाचे विचारा, तो शिकवत असेल तर शाळेचे, लिहीत असेल तर अर्धवट राहिलेल्या लिखाणाचे विचारा. गेलेल्या माणसाबद्दल तुम्हाला ठाऊक असलेली आणि त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट कळवा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा.

आणि एक विनंती रिद्धपूरला. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जिथे म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्या दारी जाऊन आठवणी टिपल्या, तिथे ते झाले हे फार योग्य झाले. या विद्यापीठाने राज्याची हद्द न पाहता सौंसर-पांढुर्ण्याकडे, बैतुलच्या मुलताई-भैसदेहीकडे, बालाघाटकडे माणसे पाठवावीत आणि घराघरातली मराठी पत्रे गोळा करावीत, नकलून परत द्यावीत. आमच्याकडच्या लोकांनीही पेट्या उघडाव्यात. रद्दीवाला जुना कागद किलोवर नेतो आणि दर घरामागे एका पिढीची मराठी जाते. पत्र कोणाचे आहे, त्यात काय विशेष आहे, हा विचार करत बसू नका. संत्र्याच्या भावाचे असेल, म्हशीच्या आजाराचे असेल, एकादशीच्या पोथीचे असेल, तेही द्या.